नऊ नंबरचे दोघे

वादी अदाई, मस्कत
शुक्रवार, १२ सप्टेंबर २००३

प्रिय उस्मान,

पाकिटावर माझं नाव बघून पत्र परत धाडू नकोस. कुणी मेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि मला तुझ्याकडून काही नकोय. म्हणजे एक गोष्ट हवी आहे, पण ती शेवटी सांगतो.

फोन तीनदा केला. तिन्ही वेळा खुदेजाभाभी म्हणाल्या, ते बंदरावर गेलेत. तिसऱ्या वेळी मागून तुझा खोकला ऐकू आला. तुझ्या शेजारच्या खाटेवर चार वर्षं झोपलोय मी, मला तुझा खोकला कळत नाही होय? पत्ता मग तुझ्या गाववाल्या जमालकडून घेतला. तो सुट्टीवरून परत आलाय. भाभींनी त्याच्याबरोबर कुणासाठी तरी हर्णैचे सोडे पाठवले होते, त्यातले मूठभर मी लंपास केले. तेवढं भाभींना सांगू नकोस.

तू उर्दू शाळेतला, मराठी अक्षरं लावत बसायचा तुला कंटाळा. घरी आलेली मराठी पत्रं आता मेहविश वाचून दाखवते, असं जमाल म्हणाला. तर मेहविश बेटा, मी पायसअंकल. पायस तुस्कानो, वसईचा. तुझे अब्बा आणि मी मस्कतला एका खोलीत राहायचो आणि एका क्लबात क्रिकेट खेळायचो. तू बारावीला आहेस म्हणे. मी तुला फोटोतच पाहिलंय, पाच वर्षांची, एका हातात बिस्कीट आणि दुसऱ्या हातातही बिस्कीट.

आता बातमी. आपल्या फ्रायडे इलेव्हनला जानेवारीत वीस वर्षं होतात. १६ जानेवारीला अझैबाच्या ग्राउंडवर मोठा कार्यक्रम ठरलाय. आमचा नवा सेक्रेटरी चंद्रहास गेल्या वर्षी भावाकडे अमेरिकेला जाऊन आला आणि तेव्हापासून जमिनीवर उतरलेला नाही. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ असतो. त्यात म्हणे एखादा खेळाडू फार थोर झाला की त्याच्या शर्टाचा नंबर मैदानाच्या भिंतीवर चढवतात आणि पुन्हा कोणाला देत नाहीत. माणूस तर रिटायर होतोच, त्याचा नंबरही रिटायर होतो. हे ऐकून कमिटी खुळावली. आपल्या ग्राउंडला भिंत कुठली? चारी बाजूंनी खडे आणि स्कोअररची एक पत्र्याची शेड. तर नंबर शेडवर लावायचा असं ठरलं.

मग कोणाचा नंबर, यावर दोन शुक्रवार भांडण. मी हुसैनमियाँचं नाव सुचवलं. बारा वर्षं दर शुक्रवारी पहाटे त्यांनी सिमेंटच्या पिचवर मॅट अंथरली, खिळे ठोकले, आणि स्वतः कधी एक बॉल खेळले नाहीत. स्टॅन्ली म्हणाला, "पण अंकलला नंबर कुठे होता? लुंगी होती." जमालने स्वतःचंच नाव सुचवलं, ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. शेवटी स्टॅन्ली, तो आता प्रेसिडेंट आहे, उभा राहिला आणि म्हणाला, "बस झालं यार. नऊ नंबर." टाळ्या पडल्या.

नऊ नंबर म्हणजे मी. मी काही बोललो नाही. घरी येऊन हेलनला सांगितलं, तिने शिरा केला. शिरा खाताना तुझी आठवण झाली, एवढंच.

मला हवी असलेली गोष्ट ही: याबद्दल तुला काय वाटतं ते कळव. एका ओळीत कळव. शिव्या असल्या तरी चालतील, मेहविशकडून लिहून घेण्यासारख्या असल्या तर.

अजून तुझाच म्हणवणारा,
पायस


वादी अदाई
शुक्रवार, १० ऑक्टोबर २००३

प्रिय उस्मान,

मेहविशचं कार्ड पोचलं. "पत्र मिळालं. अब्बांनी ऐकलं. ते काही बोलले नाहीत. तुमचं अक्षर खूप वाईट आहे." आणि खाली बारीक अक्षरात: "नऊ नंबर तर अब्बांचा होता ना?"

बेटा, नऊ नंबर दोघांचा होता. हे तुला सांगायलाच हवं, कारण असा गोंधळ जगात फक्त आपल्याच लोकांना करता येतो.

१९९१ साली आम्ही पहिल्यांदा लीगमध्ये उतरलो. तोवर ज्याच्या अंगात जो शर्ट तो युनिफॉर्म. लीगवाले म्हणाले, पाठीवर नंबर पाहिजे. रुवीत शर्टांवर नंबर छापून देणारा एक होता. मी वहीचं पान फाडलं, इंग्रजीत नावं लिहिली आणि नावासमोर ज्याने त्याने आपला नंबर लिहायचा असं ठरलं. मी कॅप्टन, मी एक नंबर घेतला. वसईच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस, हात आपोआप मराठीत गेला. तुझ्या अब्बांनी नऊ घेतला आणि त्यांचा हात उर्दूत गेला. आता एक कागद घे. अब्बांना त्यावर उर्दूतला नऊ काढायला सांग. शेजारी तू मराठीतला एक काढ. आणि बघ.

दिसलं? माझा एक आणि त्यांचा नऊ, दोन्ही एकाच वळणाचे. छापणाऱ्याला अरबी आकड्यांची सवय, आणि अरबीतला नऊही तसाच. त्याने दोन्हीकडे नऊ वाचला. बाकीच्यांनी मुकाट्याने इंग्रजीत आकडे लिहिले होते म्हणून ते वाचले.

गुरुवारी संध्याकाळी शर्ट आले. एक नंबर कुठेच नाही आणि नऊ दोन. शुक्रवारी सकाळी मॅच. मी डोक्याला हात लावला. तुझे अब्बा खाटेवर लोळून हसत होते. म्हणाले, "पायस, आता आपली दोघांची पाठ एकच." तो सीझन आम्ही तसेच खेळलो. लीगच्या स्कोअररला आमची तोंडं माहीत नव्हती, तो पाठीवरचा आकडा बघून लिहायचा.

शुक्रवारची मॅच साडेसहाला सुरू करायची आणि साडेदहाला संपवायचीच, कारण अब्बांना जुम्म्याला जायचं असे आणि मला चर्चमध्ये मिस्साला. इथे आमचा रविवारही शुक्रवारीच असतो. ग्राउंडला लागूनच विमानतळ. ज्या बाजूने विमानं डोक्यावर यायची तिला आम्ही एअरपोर्ट एंड म्हणायचो. अब्बा तिथून बोलिंग टाकायचे. विमान वर आलं की बॅट्समनचं लक्ष उडायचं, यांचं उडायचं नाही.

त्याच सीझनला, १३ डिसेंबरला, नऊ नंबरने सात विकेट घेतल्या. क्लबचा रेकॉर्ड अजून तोच आहे. नंबर रिटायर होतोय तो त्याच्यावरच. सोव्हेनिअरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या स्मरणिकेत, छापायलाही गेलाय. बाकी सगळं साधंच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

उस्मान, तू अजून काही बोललेला नाहीस. मी वाट बघतोय.

पायस


वादी अदाई
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २००३

उस्मान,

रमजान मुबारक.

मेहविशचं दुसरं कार्ड समोर आहे. "मी आणि अब्बांनी आकडे काढून बघितले. अम्मी पण हसली. अब्बांनी विचारलंय: कोणत्या नऊने?"

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीच्या दोन पत्रांत मी बरा माणूस दिसत होतो, म्हणून फाडली.

मेहविश, हे तुझ्याकडून वाचून घेणं योग्य नाही, हे मला कळतं. पण उर्दू मला येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं तर तो आणखी एक पळपुटेपणा होईल. हळू वाच. थांबावंसं वाटलं तर थांब.

त्या दिवशी एअरपोर्ट एंडने तुझ्या अब्बांनी सुरुवात केली. एकाने किती ओव्हर टाकायच्या याला त्या वर्षी लीगमध्ये काही धरबंध नव्हता, म्हणून ते टाकतच राहिले आणि विकेट पडतच राहिल्या. मग ग्राउंडच्या कडेला पिकअप येऊन हॉर्न वाजवायला लागली. अब्बा कामाला होते त्या टाइल्सच्या गोदामात सुट्टीच्या दिवशी कंटेनर आला होता. फोरमन ओरडला, "उस्मान, यल्ला! यल्ला!" म्हणजे चल, लवकर. अब्बांनी बॉल माझ्याकडे टाकला, पायातले बूट हातात घेतले आणि पळत गेले. मी त्याच बाजूने बोलिंग पुढे चालू ठेवली. शेडमध्ये बसलेल्या स्कोअररला काय दिसलं? नऊ नंबर टाकत होता, नऊ नंबर टाकतोय.

मॅच संपली. लीगच्या माणसाने वाचलं: नऊ नंबर, तुस्कानो, सात विकेट. यादीत कॅप्टन म्हणून माझं नाव वर होतं. पोरं ओरडली. स्टॅन्लीने माझ्याकडे बघितलं आणि हसला. मला वाटलं, उद्या सांगू.

उद्या म्हणजे शनिवार. कुरुमच्या एका कंपनीतून फोन आला. तिची क्रिकेट टीम होती, चांगला खेळणारा दिसला की ते त्याला नोकरीवर घ्यायचे. साहेबाने विचारलं, "तो सात विकेटवाला कोण?" उस्मान, मी म्हणालो, मीच. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मी स्वतः म्हणालो.

कंटेनरचं काम उरकून त्याच संध्याकाळी तू खोलीवर आलास. भुवयांत टाइल्सची पांढरी धूळ. हातपाय धुतलेस, खाटेवर बसलास आणि म्हणालास, "पायस, माझे पाच होते ना रे?"

मी म्हणालो, "असतील. कोण मोजत बसलंय?"

तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. लीगवाल्यांनी एका टीमला एकच नऊ म्हणून सांगितलं तेव्हाही नाही. तू काळी टेप आणलीस, आपल्या नऊचा आठ केलास आणि तसा दोन वर्षं खेळलास. मग खेळायला येईनासा झालास.

त्या नोकरीला फॅमिली स्टेटस होतं. मेहविश, याचा अर्थ बायकापोरांना इथे आणता येतं. चार महिन्यांत हेलन आली, शेरविन आला, दोन वर्षांचा. तो माझ्या डोळ्यांसमोर वाढला. त्याला सायकल मी शिकवली, त्याचा पहिला दात मी उशीखालून चोरला. तुझे अब्बा त्या वर्षांत कितीदा घरी येऊ शकले, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पाच विकेटवाल्याला ती नोकरी मिळाली असती का, कुणास ठाऊक. पण फोन आला तो सातांमुळे, आणि सातांतले पाच तुझ्या अब्बांचे होते.

१५ मार्च ९६ ला तुझा व्हिसा कॅन्सल होऊन तू गेलास. शुक्रवार होता. जमालने सांगितलं होतं, सकाळच्या विमानाने जातोय. एअरपोर्ट ग्राउंडवरून चालत जाण्यासारखा. मी फील्डिंग करत राहिलो. तुझं विमान आमच्या डोक्यावरून गेलं, सगळ्यांनी वर बघितलं. मी बघितलं नाही.

मला लाज वाटते, उस्मान. ती बारा वर्षं वाटते आहे, पण लाज वाटून घेणं फार सोपं असतं, त्याने समोरच्याला काही मिळत नाही. मी तुझी माफी मागतो. भाभींची मागतो. मेहविश, तुझी मागतो.

पायस


वादी अदाई
शुक्रवार, २६ डिसेंबर २००३

उस्मान,

मेहविशचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र. तिने काय लिहिलं ते तिने तुला दाखवलं असेल की नाही, माहीत नाही, म्हणून उतरवून देतो. "अंकल, मी शेवटपर्यंत वाचलं. अब्बा उठून बंदरावर गेले. लहानपणी ते दोन-दोन वर्षांनी यायचे आणि मी त्यांना ओळखायची नाही. दाराआड लपायची. अम्मी मला ओढून बाहेर काढायची. तुमचं पुढचं पत्र मी वाचणार नाही. अब्बांसाठी लिहिणार असाल तर अब्बांना वाचता येईल असं लिहा."

म्हणून हे मोठ्या अक्षरात. एका ओळीत चारच शब्द. जोडाक्षरं टाळायची ठरवलं होतं, पण क्रिकेट या शब्दापाशीच अडलो. सावकाश वाच. घाई नाही.

मी सगळ्यांना सांगितलं.

आधी हेलनला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. म्हणाली, "म्हणजे मी इथे आले ती कोणाच्या विकेटवर?" दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नाताळच्या आधी कमिटीला सांगून टाक. मी येते बरोबर."

मग शेरविनला. तो चौदाचा झालाय. मराठी त्याची धडपडत चालते. म्हणाला, "पप्पा, तू खोटा बोलला? इतका वर्ष?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "देन टेल देम ना." आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. मी या वाक्यासाठी बारा वर्षं घेतली.

कमिटीत हेलन खरंच माझ्या शेजारी बसली. मी सगळं सांगितलं. मग चंद्रहास कपाळाला हात लावून म्हणाला, "अंकल, सोव्हेनिअर छापून आलाय. खलास." स्टॅन्ली खाली बघत होता. तो म्हणाला, "मी स्लिपला उभा होतो, पायस. मला माहीत होतं. वाटलं, तू बोलशील. मग तुम्ही दोघं एकाच खोलीत राहत होतात, वाटलं आपापसात मिटवलं असेल." म्हणजे मी एकटाच गप्प नव्हतो, फक्त फायदा एकट्याला झाला.

जमाल उठून बाहेर गेला. दार आपटलं. दहा मिनिटांनी आत आला आणि म्हणाला, "नऊ रिटायर होणारच. पण नाव उस्मानचं." कुणी हात वर करायला सांगितलं नाही, तरी सगळ्यांनी वर केले. हेलनने पण केला, ती कमिटीत नाही.

मी कमिटी सोडतो म्हटलं. स्टॅन्ली म्हणाला, "सोड. पण मॅट कोण अंथरणार? हुसैनमियाँ गावी गेले." तर आता दर शुक्रवारी पहाटे मॅट मी अंथरतो. खिळे ठोकताना दोनदा अंगठा चेचलाय. तुला ऐकून बरं वाटेल.

काही लिहू नकोस हवं तर. फक्त वाच.

पायस


अझैबा ग्राउंड
शुक्रवार, १६ जानेवारी २००४

उस्मान,

शेडमध्ये बसून लिहितोय. लोक बिर्याणीकडे गेलेत. अक्षर मोठं आहे, पण मांडीवर कागद ठेवून लिहितोय, सांभाळून घे.

झालं. सोव्हेनिअरमध्ये माझं नाव छापलेलं होतं, त्यावर चंद्रहासने चारशे पट्ट्या चिकटवल्या. रात्रंदिवस हे करत होता बिचारा, एकही पट्टी सरळ नाही. अमेरिकेचं नाव तो आता काढत नाही.

माइकवर मी बोललो. पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, तेरा डिसेंबरला एअरपोर्ट एंडने उस्मान परकारने पाच विकेट घेतल्या आणि मी त्या स्वतःच्या म्हणून सांगितल्या. नऊ नंबर त्याचा. माझा एक नंबर होता, तो मला कधी मिळालाच नाही. यावर कोणी हसलं नाही, मला वाटलं होतं हसतील.

जुन्यांपैकी दोघांनी माझ्याशी हात मिळवला नाही. बरोबर आहे त्यांचं. आपल्या जुन्या टीममधला अमीन आला होता, पार सलालाहून, खास. त्याने मिठी मारली आणि कानात शिवी दिली. दोन्ही मनापासून होत्या.

मग बोर्ड. तो शेडच्या कपाळावर चढवला, एअरपोर्ट एंडकडे तोंड करून. निळ्यावर पांढरं. मीच रंगवला. ९. उस्मान परकार. ५ विकेट. नऊ तिन्ही लिपींत काढलाय, म्हणजे यापुढे कुणी आपल्यासारखा घोळ घालायला नको. नाव तुझ्या उर्दूतही आहे, ते जमालने काढून दिलं आणि मी गिरवलं. चुकलं असेल तर जमालला धर.

सगळे गेल्यावर मी पिचवर उभा राहून बघितलं. तिथून वाचता येतं. मला आज बरं वाटतंय. तुला न विचारता बरं वाटून घेतोय, याचाही राग धर हवा तर.

पायस


वादी अदाई
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००४

उस्मान, अरे उस्मान,

पाकिटावरचं अक्षर बघून मला वाटलं, कुठल्यातरी शाळकरी मुलाचं आलंय. हेलन म्हणाली, "उघड तर." उघडलं आणि खुर्ची शोधायला लागलो. तुझं. तुझ्या हातचं. साडेसात ओळी, आणि आठवी अर्धीच सुटलेली.

मी ते आतापर्यंत इतक्यांदा वाचलंय की तुला परत म्हणून दाखवतो, बघ बरोबर आहे का.

"पायस. तुजी खतां मी सवता वाचली. तीन दिवस लागले येकेक. तू माफी मागलीस ती मी घेतली. पन बोर्ड बदल. माजे पाच नव्हते. चार होते. ओव्हर अर्धी टाकून मी गेलो. पिकपमदे चढताना मागं आरडा झाला. ओव्हर माजी म्हनून विकेट माजी धरली. बॉल तुजा होता. हे मला तवाच ठावूक होतं. पन तुज्यावर राग धरायला पाच बरे पडले. चारावर येवडा राग"

आणि तिथे थांबलास. पुढे काय लिहायचं ते मेहविशला विचारलं नाहीस, हे मला कळलं, कारण खाली तिनेच लिहिलंय: "अंकल, मी एक पण शब्द सांगितला नाही. अब्बा टेबलावर मान घालून लिहीत होते आणि मी शेजारी बसून होते, अभ्यास करतेय असं दाखवत. पुढचं पत्र लहान अक्षरात लिहिलं तरी चालेल. मी वाचीन."

उस्मान, मी हसलो. मग रडलो. मग हेलनला वाचून दाखवलं आणि ती रडली, मग हसली. शेरविन बाहेर येऊन म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड?" आणि मी त्याला सांगत बसलो तर त्याची होमवर्कची वेळ टळली.

आता ऐक. चार? चार कसे? ती ओव्हर कोणाची होती? तुझी. तो बॅट्समन, तो उंच, पट्टीचा, पांढऱ्या हेल्मेटवाला, त्याला तीन बॉल मागच्या पायावर कोणी ढकललं? तू. मी काय केलं? मी आलो, एक सरळ बॉल टाकला. तो अजून तुझ्याच बॉलच्या भीतीने मागे उभा होता, आणि गेला. माझा बॉल असा काही विशेष नव्हता, तो माझ्या आजीनेही खेळला असता. ती विकेट तुझी आहे. स्कोअरर काहीही लिहो. त्याला तसंही काय दिसत होतं?

मी स्टॅन्लीला विचारलं, तो स्लिपला होता. तो म्हणतो, चार. जमाल म्हणतो, पाच. अमीनला सलालाला फोन केला, तो म्हणतो सहा, पण अमीनचं काही खरं नाही. आज सकाळी मॅच सुरू व्हायच्या आधी शेडसमोर यावरून इतकं भांडण झालं की टॉसला वीस मिनिटं उशीर झाला. समोरची टीम विचारत होती, काय झालं, काय झालं. चंद्रहास त्यांना समजावत होता की ही बारा वर्षांपूर्वीची विकेट आहे. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

बारा वर्षं तू पाच म्हणून मनात ठेवलेस आणि मी सात. आता तू चार म्हणतोस आणि मी पाच. आपण दोघांनी एकदाही नीट मोजलं नाही, आणि मी तर मोजायचंच नाकारलं. ते समोरासमोर बसून मोजायला हवं. पत्रातून होणार नाही, तुला एकेक पत्र वाचायलाच तीन दिवस लागतात.

व्हिजिट व्हिसाचे फॉर्म मी भरून ठेवलेत. तीन आहेत. तुझा, भाभींचा, मेहविशचा. तिची परीक्षा संपली की लगेच. जमाल मार्चमध्ये गावी येतोय, त्याच्याकडे तिघांच्या पासपोर्टच्या कॉप्या दे. खोली तयार आहे. शेरविन हॉलमध्ये झोपेल, त्याला विचारलंय, तो म्हणाला, ओके.

बोर्ड मी बदलणार नाही. पाचच राहणार. चंद्रहास म्हणाला, मी बदलू का, त्याला मी हाकलून दिलं. शिडी शेडच्या मागे टेकून ठेवली आहे, पांढऱ्या रंगाचा डबा आत आहे. तुला चारच म्हणायचे असतील तर ये, शिडी चढ, आणि तुझ्या हाताने खोड. मी खालून शिडी धरतो.

पायस